तोंडातली जाळी, लाळेची नळी आणि न मिळालेला रिपोर्ट

२०२५ च्या जूनमध्ये मला मिसळ सोसेनाशी झाली. कोल्हापुरात असं कुणी म्हटलं की लोक आधी हसतात. आमच्या पतसंस्थेत शनिवारी दुपारी मिसळ मागवायची रीत आहे. मी कट बाजूला सारून दही-ब्रेड खायला लागले तसे शिपाईमामा म्हणाले, "काय वो मॅडम, उपास हाय काय?" मीही हसले. पण दोन्ही गाल आतून झोंबत होते, खालच्या हिरड्या लालभडक झाल्या होत्या आणि ब्रश नुसता टेकला तरी बेसिनमध्ये रक्त दिसायचं.

घरी आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, निदान करून टाकलं. "उष्णता हाय. सब्जा भिजवून पी, रात्री तूप लाव." तुपानं खरंच जरा बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फॅमिली डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स आणि तोंड आल्यावर लावायची जेल दिली. जुलै त्यातच गेला. नंतर एका डॉक्टरांकडून कळलेला नियम इथेच सांगते: तोंडातली कुठलीही जखम, लाल किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दाताच्या डॉक्टरला दाखवायचा. दात दुखत नसला तरी.

ऑगस्टमध्ये राजारामपुरीतल्या एका डेंटिस्टकडे गेले. फी ३०० रुपये. त्यांनी आरशानं दोन्ही गाल ओढून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "तंबाखू? मिश्री?" मी नाही म्हटलं. "दोन्ही बाजूंना पांढऱ्या रेषा आहेत, जाळीसारख्या. लायकेन प्लानस असावं. पण तुकडा काढून तपासल्याशिवाय मी नक्की सांगणार नाही." चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहिल्या होत्या: लायकोपिन नावाची अँटिऑक्सिडंट कॅप्सूल आणि बायोप्सी. बायोप्सीचा खासगीतला अंदाज चार-साडेचार हजार. आधी रोग कुठला ते कळू दे, मग कॅप्सूल, असा विचार करून मी ती आणली नाही. पुढे त्याचा वेगळाच उपयोग झाला.

त्या रात्री मोबाइलवर जे वाचलं त्यातला ‘कर्करोगपूर्व’ हा शब्द तेवढा डोक्यात राहिला. ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "उद्याच जाऊ." मी म्हटलं, उद्या ऑडिटर येणार आहेत. अशा वेळी माणूस ऑडिटरचं काय घेऊन बसतो कोण जाणे, पण मला तेव्हा तेच सोपं वाटलं.

शेवटी चौकशी करून शहराबाहेरच्या एका डेंटल कॉलेजला गेले. सीबीएस स्टँडवरून सकाळची एसटी पकडायची आणि नऊच्या आत केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं. दहानंतर गेलात तर दुपार गेलीच. केसपेपर २० रुपये. त्यावरचा ओपीडी नंबर फोनमध्ये लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच नंबरावर चालतं. दाताचं कॉलेज म्हटल्यावर मला वाटलं होतं, थेट खुर्चीत बसवतील. तसं नसतं. आधी ओरल मेडिसिन आणि रेडिऑलॉजी विभाग. तिथे एक विद्यार्थी तपासतो, मग पीजी करणारे डॉक्टर, मग सर. प्रत्येक जण तेच प्रश्न विचारतो. कंटाळू नका, कारण तिसऱ्यांदा सांगताना मला आठवलं की कंबर धरली की मी मनानेच वेदनाशामक गोळी घेते. काही वेदनाशामकं, रक्तदाबाची आणि मधुमेहाची काही औषधं यांच्यामुळेही तोंडात अगदी अशाच रेषा उठू शकतात. म्हणून जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा घेऊन जा. नावं तोंडपाठ नसतात.

माझ्या दाढेत जुनं चांदीचं सिमेंट आहे, तेही त्यांनी नीट पाहिलं. त्या भरावाला टेकणाऱ्या जागीच चट्टा असेल तर संशय भरावावर जातो. माझ्या रेषा दोन्ही गालांवर जवळजवळ सारख्या होत्या, त्यामुळे तो संशय मागे पडला.

माझ्याकडे आलेली पीजी डॉक्टर माझ्या पुतणीच्या वयाची. मला काकू म्हणायची, मी तिला मॅडम. तिने कागदावर गालाचं चित्र काढून समजावलं. शरीराच्या संरक्षणासाठी असलेल्या पांढऱ्या पेशींपैकी टी-लिम्फोसाइट नावाच्या पेशी तोंडाच्या अस्तराच्या सगळ्यात खालच्या थरावर हल्ला करतात. त्या का चिडतात, याचं पूर्ण उत्तर नाही. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार होतो, बायकांना जास्त, बहुतेक वेळा तिशी-चाळिशीनंतर. तो संसर्गाने पसरत नाही. "घरात ताटं वेगळी करू नका," हे तिने न विचारता सांगितलं. एरास्मस विल्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८६९ साली लायकेन प्लानसचं वर्णन केलं आणि पांढऱ्या रेषांना विकहॅम या फ्रेंच डॉक्टरांचं नाव आहे. परीक्षा जवळ आली असावी, इतकं घडाघडा सांगत होती. मग मी माझा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात साधारण एक, तेही वर्षानुवर्षांत. म्हणूनच आम्ही तुम्हाला सोडणार नाही, दर काही महिन्यांनी बोलावणार."

बायोप्सीआधी रक्त तपासावं लागतं: सीबीसी, साखर, लिव्हर, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही. हिपॅटायटिस सीचा या आजाराशी संबंध आढळलेला आहे, म्हणून ती तपासणी नुसती रीत म्हणून नसते. बाहेरच्या लॅबमध्ये १,९०० रुपये गेले. माझ्या मेडिक्लेममध्ये ओपीडीचा खर्च बसत नव्हता. तुमच्या पॉलिसीत बसतो का ते आधी विचारा, बिलं नंतर जमवत बसू नका.

१२ सप्टेंबरला बायोप्सी झाली. मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच होती आणि सगळ्यात लवकर संपलं तेही हेच. बधिर करायची सुई टोचते, पुढे काही कळत नाही. हिरड्यांची सालं निघत होती म्हणून त्यांनी दोन तुकडे घेतले. पेम्फिगससारखे फोड येणारे आजारही हिरड्यांवर असेच दिसतात आणि त्यांचा उपचार निराळा असतो. एक तुकडा फॉर्मालिनमध्ये गेला. दुसरा मात्र फॉर्मालिनमध्ये चालत नाही. त्याला मिशेल्स मिडियम नावाचं वेगळं द्रव लागतं आणि ती तपासणी बाहेरगावी होते. तिचे १,८०० रुपये, कॉलेजमधल्या तपासणीचे ४००. दोन्ही बाटल्यांवर नाव आणि नंबर लिहिलाय का, ते मी स्वतः वाचून पाहिलं. पतसंस्थेतली सवय. टाके आठवड्याने काढले. तोवर गार ताक-भात, मऊ खिचडी, दूध-केळं.

रिपोर्ट आठवड्यात मिळेल असं सांगितलं होतं, मिळाला २४ तारखेला. मध्ये नवरात्र बसलं होतं. आम्ही मंगळवार पेठेत राहतो. अंबाबाईच्या गर्दीमुळे गाड्या लांबूनच वळवलेल्या, त्यामुळे स्टँडपर्यंत चालतच जावं लागे. वाट पाहण्याचे ते दिवस वाईट होते. देवळात गेले तरी जीभ आपोआप गालाच्या टाक्याकडे जायची. रिपोर्ट हातात आल्यावर सगळा वाचू नका, घाबरायला होतं. ‘डिसप्लेझिया’, म्हणजे पेशींतले कर्करोगपूर्व बदल, हा शब्द शोधा आणि त्याच्या पुढे-मागे ‘नाही’ आहे का बघा. माझ्या रिपोर्टात तसं होतं. निदान: ओरल लायकेन प्लानस, इरोझिव्ह, म्हणजे जखमा करणारा प्रकार.

त्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "काकू, माझ्या प्रबंधासाठी तुमची लाळ द्याल का?"

विषय असा होता: या आजारात तोंडात ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे ऑक्सिजनच्या चंचल रेणूंमुळे पेशींवर येणारा ताण, किती असतो आणि उपचारानंतर तो उतरतो का, हे लाळेतून मोजायचं. त्यांनी मला मराठीतलं माहितीपत्रक दिलं, चार पानी, प्रत्येक पानावर संस्थेच्या एथिक्स समितीचा शिक्का. मी रोज जामीनदारांच्या सह्या घेते, न वाचता सही करणारे किती असतात ते मला पक्कं माहीत आहे. म्हणून बाकावर बसून चारही पानं वाचली. त्यातली महत्त्वाची कलमं अशी: लाळेच्या तपासणीचा खर्च माझ्याकडून घेणार नाहीत. नळीवर माझं नाव नसेल, सांकेतिक क्रमांक असेल. कधीही माघार घेता येईल आणि त्याने उपचारात फरक पडणार नाही. आणि एक वाक्य जे मी दोनदा वाचलं: या तपासणीचा वैयक्तिक अहवाल दिला जाणार नाही.

"म्हणजे माझा आकडा मलाच कळणार नाही?"

"कळून उपयोग नाही काकू. याचा नॉर्मल आकडा अजून कुणी ठरवलेलाच नाही."

मला ते पटायला वेळ लागला, पण सही केली. तंबाखू खाणारे, मधुमेही, हिरड्यांच्या खोल पाकिटांचा त्रास असणारे आणि गेल्या तीन महिन्यांत जीवनसत्त्वांच्या किंवा अँटिऑक्सिडंट गोळ्या घेतलेले लोक तिच्या अभ्यासात चालत नव्हते, कारण या सगळ्यांनी आकडा हलतो. बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप तिने उलटसुलट करून वाचली, सरांना दाखवली, आणि ती चालली. न आणलेली कॅप्सूल ऐकून मात्र तिचा चेहरा खुलला.

लाळ देणं म्हणजे थुंकणं, असं मला वाटत होतं. तसं नाही. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, आधी दीड तास खाणं-पिणं बंद, दात घासायचे नाहीत, चूळसुद्धा नाही. खुर्चीत ताठ बसायचं, एकदा गिळून टाकायचं, मग मान किंचित पुढे झुकवून तोंड न हलवता लाळ साठू द्यायची आणि दर मिनिटाला खुणा असलेल्या नळीत ओघळू द्यायची. पाच मिनिटं. समोर एक तरुण मुलगी घड्याळ लावून बसलेली आणि आपण लहान बाळासारखी लाळ गाळतोय! पहिल्या मिनिटाला मला इतकी लाज वाटली की तोंडच कोरडं पडलं. डोळे मिटल्यावर जमलं. काहीही न चघळता मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर लाळ येते आणि ०.१ च्या खाली गेली तर तोंड कोरडं पडण्याचा आजार धरतात, हे तेव्हा कळलं. एवढाच एक आकडा मला त्या दिवशी माझ्यापुरता मिळाला: माझी लाळ व्यवस्थित होती.

नमुना मात्र बाद झाला. हिरड्यांतून रक्त आलं होतं, नळीत गुलाबी छटा दिसत होती. रक्तातले घटक मिसळले की मोजमापाला अर्थ उरत नाही. मॅडम म्हणाल्या, "आजच औषध सुरू करायचं असेल तर करू, अभ्यासातून तुमचं नाव काढते. थांबणार असाल तर तीन दिवसांनी पुन्हा बघू." सर शेजारीच होते, त्यांनीही तेच सांगितलं, कुठलाही आग्रह नाही. मी तीन दिवस थांबायचं ठरवलं. जेवणाआधी लावायची बधिर करणारी जेल तोवर होतीच. दुसऱ्या वेळी आदल्या रात्री अगदी मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवला आणि नमुना स्वच्छ आला. लगेच नळी बर्फात, तिथून सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर, आणि वरचं नितळ पाणी उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. येण्या-जाण्याचे १५० रुपये व्हाउचरवर सही घेऊन दिले. मला व्हाउचर पाहून बरं वाटलं.

उपचार त्याच दिवशी सुरू झाला. ट्रायमसिनोलोन ०.१ टक्का, तोंडात चिकटणारी स्टेरॉइडची पेस्ट, दिवसातून तीनदा. लावायची पद्धत कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते. जेवणानंतर चूळ भरा, स्वच्छ कापसाच्या गॉजने ती जागा टिपून कोरडी करा, बोटावर मटारएवढी पेस्ट घेऊन दाबून बसवा, चोळू नका, चोळली की तिचे दाणे होतात. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, आणि बोलणंही कमीच. काउंटरवर बसणाऱ्या बाईने बोलायचं नाही म्हणजे कठीण, म्हणून दुपारची वेळ मी खातेवही तपासायच्या कामाला जोडली. शिवाय टूथपेस्ट बदलली. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली घ्यायला सांगितली होती. डब्यावर बारीक अक्षरात घटक असतात, चष्मा घेऊन दुकानात जा. दालचिनी आणि कडक पुदिन्याचे स्वादही बंद.

दिवाळीपर्यंत गालाच्या जखमा निम्म्याने भरल्या. आत्यांनी माझ्यासाठी बिनतिखटाच्या चकल्या वेगळ्या तळल्या, पण चकली टोचतेच. ऑक्टोबरच्या शेवटी तोंडात पांढरा थर आला, बोटाने पुसला की निघणारा. मी घाबरून फोन केला. ती बुरशी होती, कॅन्डिडा. स्टेरॉइड लावणाऱ्यांना ती होते. क्लोट्रिमॅझोलचा माउथ पेंट दिला, आठ-दहा दिवसांत गेली. मूळ आजाराची जाळी पुसून निघत नाही, हा थर निघतो. हा फरक लक्षात ठेवलात तर माझ्यासारखी रात्र जागून काढावी लागणार नाही.

हिरड्या मात्र हटून बसल्या होत्या, पेस्ट तिथे टिकायचीच नाही. नोव्हेंबरमध्ये त्यांनी अल्जिनेट नावाच्या मऊ लगद्यात दातांचं माप घेतलं आणि दातांवर बसणारा मऊ पारदर्शक ट्रे बनवून दिला, ६०० रुपये. त्यात क्लोबेटॅसॉल ०.०५ टक्क्याची जेल पातळ पसरून दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. बुरशी परत येऊ नये म्हणून जोडीला माउथ पेंट. औषधाच्या दुकानात अडलं. ट्यूबवर ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ छापलेलं. दुकानदार म्हणाला, "वहिनी, हे कातडीचं मलम आहे, तोंडात कुठं घालताय?" त्याचं चुकलं नव्हतं. मी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ‘हिरड्यांच्या ट्रेसाठी’ असं लिहून आणलं, मग त्याने दिलं. तुम्हीही पहिल्याच वेळी लिहून घ्या. आणि ही जेल दुसऱ्या कुणाचं ऐकून स्वतःच्या मनाने तोंडात लावू नका. प्रमाण आणि मुदत दोन्ही डॉक्टरच ठरवतात, बंद करतानाही हळूहळू कमी करतात.

दर भेटीला दोन मोजमापं व्हायची. एक माझं: दहा सेंटिमीटरच्या रेघेवर जळजळ किती त्याची खूण करायची. दुसरं त्यांचं: थॉन्गप्रासोम नावाची ० ते ५ अशी मोजपट्टी. ५ म्हणजे एक चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी जखम, १ म्हणजे नुसत्या पांढऱ्या रेषा, ० म्हणजे काहीच नाही. मी ५ वर सुरू झाले होते. डिसेंबरच्या शेवटी दुसऱ्यांदा लाळ दिली तेव्हा २ वर होते, रेघेवरची खूण सातवरून दोनवर आली होती.

जानेवारीत तपासणीला गेले तेव्हा सगळे नमुने एकदम तपासायला काढले होते. सरांना विचारून मॅडम मला बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. मला ते बघायचंच होतं. सूज आली की तिथल्या पेशी ऑक्सिजनचे अति चंचल रेणू सोडतात आणि ते पेशींच्या आवरणातल्या चरबीला खातात. त्यातून मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचा पदार्थ तयार होतो. लाळेत थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून उकळलं की या पदार्थामुळे गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद तितका ताण जास्त, तो ५३२ नॅनोमीटरच्या प्रकाशात यंत्र मोजतं. मॅडम म्हणाल्या, तेल खवट झालंय का ते तपासायलाही हीच परीक्षा वापरतात. मला ते एकदम समजलं. चटणीच्या बरणीत वर राहिलेलं तेल उन्हाळ्यात खवट होतं, ती नुसती उपमा नाही, रसायन तेच आहे. दुसऱ्या परीक्षेत निळा रंग येतो, ती या ताणाला तोंड द्यायची लाळेची ताकद मोजते. या ताकदीचा सगळ्यात मोठा वाटा युरिक ॲसिडचा असतो, जे वाढलं म्हणून आपण डाळी बंद करतो तेच.

पाण्याच्या गरम टाकीत गुलाबी नळ्यांची ओळ होती, फिक्या आणि गडद. त्यातल्या माझ्या कुठल्या, ते मॅडमनाही सांगता येत नव्हतं. तिथे उभी असताना मला माहितीपत्रकातलं ते वैयक्तिक अहवाल न देण्याचं वाक्य पटलं. लाळ सकाळी वेगळी, दुपारी वेगळी, जास्त सुटली की पातळ. हिरड्या सुजल्या तरी गुलाबी, तंबाखूने गुलाबी. एका बाईच्या एका नळीवरून काही ठरत नाही. बऱ्याच जणांच्या नळ्या निरोगी लोकांच्या नळ्यांशेजारी ठेवल्या तर मात्र फरक दिसतो, आणि या आजारात मॅलॉनडायअल्डिहाइड वाढलेलं असतं, हे याआधीच्या अभ्यासांतही आढळलं आहे. म्हणून कुणी लाळेवरून ‘तुमचा ऑक्सिडेटिव्ह ताण’ मोजून त्यावर महागडी गोळी विकत असेल तर नॉर्मल आकडा कुठला धरलाय, एवढं विचारा. लायकोपिनवर आपल्याकडे अभ्यास झालेत आणि काहींना फायदाही दिसलाय. मीच सरांना विचारलं होतं. त्यांचं म्हणणं, पहिलं औषध स्टेरॉइडच, कॅप्सूल त्याच्या जागी नाही.

फेब्रुवारीपासून जेल एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. एप्रिलच्या भेटीत मोजपट्टीवर १. रेषा आहेत, त्या राहतील. हा आजार पूर्ण जात नाही, दबून राहतो, जागरण किंवा तणाव झाला की डोकं वर काढतो. मार्चअखेरच्या आठवड्यात हिरड्या पुन्हा लाल झाल्या होत्या, पतसंस्थेत काम करणाऱ्या कुणालाही त्याचं नवल वाटणार नाही. आता मी महिन्यातून एकदा, त्याच खिडकीच्या उजेडात, गालांचे फोटो काढून ठेवते. भेटीच्या वेळी ‘वाढलंय असं वाटतं’ म्हणण्यापेक्षा फोटो दाखवलेला बरा.

पुढची तारीख ऑक्टोबरची आहे. सहा महिन्यांपेक्षा जास्त मध्ये जाऊ द्यायचे नाहीत, असं कार्डावर लाल पेनाने लिहून दिलंय. मॅडमचं पीजी तोवर संपलेलं असेल, दुसरं कुणीतरी पहिल्यापासून सगळे प्रश्न विचारेल. म्हणून रिपोर्ट, दोन्ही बायोप्सींच्या प्रती, औषधांची यादी आणि जुना ओपीडी नंबर एका फाइलमध्ये लावून ठेवलेत. वर्ष उलटलं की केसपेपर नव्याने काढावा लागतो, तेव्हा जुना नंबर खिडकीवर आधीच सांगायचा, नाहीतर ते नवीन पेशंट म्हणून नोंद करतात.